नोकरी सांभाळून व्यवस्थापनशास्त्राच्या दारी

(पेडगाव, जि. परभणी येथे नोकरदार तरुण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पेडगावचे नाव काढले की महाराष्ट्रात कोठेही एक म्हण आपसूक ओठांवर येते. वेड पांघरून पेडगावला जाण्याची ती म्हण भीमाकाठच्या, श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावची. हे पेडगाव निराळे; परभणी आणि मानवत रोड यांच्या दरम्यानचे, लोहमार्गावर लहानसे स्थानक असलेले. तरीही ती म्हण आजच्या विषयाला लागू पडते. नोकरी करीत व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे पुष्कळ तरुण ही गोष्ट कार्यालयात बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. परंतु ते घरातही बोलत नाहीत. कार्यालयात पांघरलेले वेड हे शहाणपण ठरू शकते. घरात पांघरलेले मात्र महागात पडते. कारण या परीक्षेला जी एकच गोष्ट भरपूर लागते ती म्हणजे वेळ, आणि नोकरदाराचा वेळ हा त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो.

पालकांचा प्रश्न सामान्यतः असा असतो : मुलाने वर्षभर नोकरी सोडून पुण्याला क्लास लावावा काय? विचारणारा पिता बहुधा शेतकरी असतो. सोयाबीन आणि कापूस यांचे उत्पन्न पावसावर व भावावर अवलंबून. घरात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा पैसा तेवढा मुलाच्या पगाराचा. त्यावर धाकट्या बहिणीचे शिक्षण, आजीचे औषधपाणी आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता उभा असतो. अशा घरातील मुलगा पगार सोडून अभ्यासाला बसला, तर त्या वर्षाची किंमत बुडालेल्या पगाराएवढीच राहत नाही. यश आले नाही तर पुढे नोकरी शोधताना त्या रिकाम्या वर्षाचा हिशेब द्यावा लागतो, आणि ‘घरी बसलेला’ हे विशेषण गावात चिकटते ते वेगळेच.

परीक्षेचा आवाकाही पाहिला पाहिजे. भारतीय व्यवस्थापन संस्थांपैकी पहिल्या दोन, कोलकाता आणि अहमदाबाद, १९६१ साली स्थापन झाल्या. महाराष्ट्रात नागपूरची संस्था २०१५ मध्ये आली, आणि पवईच्या ‘नीटी’ या जुन्या संस्थेला २०२३ मध्ये हाच दर्जा मिळून ती आयआयएम मुंबई झाली. या संस्थांच्या प्रवेशाची सामायिक परीक्षा म्हणजे कॅट. २०२४ साली तिच्यासाठी सुमारे ३.२९ लाख उमेदवारांनी नोंदणी केली आणि २.९३ लाख प्रत्यक्ष बसले. म्हणजे छत्तीस हजारांच्या आसपास लोक शुल्क भरूनही परीक्षागृहापर्यंत पोहोचले नाहीत. त्यांत रजा न मिळालेले, धीर सुटलेले, मध्येच बदली झालेले असे नोकरदार असणारच. एवढ्या गर्दीतून हाती काय लागेल याची शाश्वती नसताना पगाराचा खांब काढून घेणे हा सामान्य कुटुंबासाठी हिशेबी निर्णय म्हणता येणार नाही. नोकरी सोडू नये, हेच उत्तर द्यावे लागते.

हे उत्तर केवळ भीतीपोटी दिलेले नाही. व्यवस्थापन संस्था अंतिम निवड करताना लेखी परीक्षेच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुण, मुलाखत आणि नोकरीचा अनुभव यांचा विचार करतात. प्रत्येक संस्थेचे प्रमाण वेगळे असते, परंतु दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे मोल बहुतेक ठिकाणी धरले जाते. त्याहून दीर्घ अनुभवाने गुण वाढत जातात असे नाही. त्यामुळे ‘अजून पाच वर्षे नोकरी करू, मग पाहू’ ही सबब टिकत नाही. मोजला जातो तो पदवीनंतरचा, पूर्णवेळ आणि सवेतन अनुभव. येथे ग्रामीण भागातील तरुण फसतो. मामाच्या कृषी सेवा केंद्रावर त्याने तीन वर्षे खते-बियाण्यांचा सगळा व्यवहार सांभाळलेला असतो, उधारी वसूल केलेली असते, कंपनीच्या प्रतिनिधीशी घासाघीस केलेली असते; व्यवस्थापन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पण हाती नियुक्तिपत्र नाही आणि पगार रोखीने मिळालेला. अशा तरुणाने आजपासून पगार बँकेत जमा करून घ्यावा व नियुक्तीचे पत्र मागून ठेवावे. नात्यात कागद मागणे अवघड वाटते हे खरे, तरीही मागावे.

दिवसा काम आणि रात्री विद्या ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये आपल्या घरी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा चालविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र हजारो मुलांच्या जीवनात उतरविले. कमावता कमावता शिकणाऱ्याला दुय्यम विद्यार्थी समजण्याची जी दृष्टी अलीकडे शहरी क्लासांच्या जाहिरातींमुळे पसरली आहे, ती या भूमीत परकी आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. कॅटचे तीन भाग असतात : इंग्रजी वाचन व भाषा, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटे, एकूण १२० मिनिटे. एका भागातून दुसऱ्यात मनाप्रमाणे जाता येत नाही. २०२४ च्या परीक्षेत अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तरास ३ गुण, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा. जेथे उत्तर स्वतः टंकित करायचे असते तेथे वजाबाकी नाही. म्हणजे एकूण गुण २०४. अलीकडच्या वर्षांचा अनुभव असा की, यातील निम्म्याच्या आसपास गुण मिळविणारा उमेदवार ९९ पर्सेंटाइलच्या परिसरात पोहोचतो. शाळेपासून ‘पूर्ण पेपर सोडव’ असे ऐकत आलेल्या मुलाला हे पचविणे जड जाते. येथे सगळे सोडविणारा मागे पडतो. काय सोडून द्यायचे हे ज्याला वेळेत उमगते तो पुढे जातो. आणि सोडून द्यायला शिकण्यासाठी दिवसाचे दहा तास लागत नाहीत, नेमाने केलेला सराव लागतो. नोकरदाराला ही परीक्षा अशक्य नाही, याचे कारण हेच.

तासांचा हिशेब मांडून पाहू. कामाच्या सहा दिवशी दोन तास आणि रविवारी चार, म्हणजे आठवड्याला सोळा. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत सुमारे बत्तीस आठवडे येतात. त्यांतील सहा हातचे गेले असे धरावे, कारण ते जातातच. उरलेल्या सव्वीस आठवड्यांचे ४१६ तास होतात. हे थोडे नाहीत. अडचण एवढीच की, परभणी जिल्ह्याचे पंचांग कॅटच्या पंचांगाशी जुळत नाही. ही परीक्षा साधारणतः नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. २०२४ मध्ये ती २४ नोव्हेंबरला झाली, २०२५ मध्ये ३० ला. त्याआधीच्या सहा आठवड्यांत सोयाबीनची काढणी, मळणी, कापसाची वेचणी आणि दिवाळी हे सारे एकवटलेले. बँकेत काम करणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. जून-जुलैत पीककर्जाची झुंबड, ३० सप्टेंबरला सहामाही ताळेबंद. म्हणून येथील उमेदवाराने नवे शिकण्याचे सगळे काम गणेशोत्सवापूर्वी संपवावे आणि दिवाळीच्या तोंडावर फक्त सराव ठेवावा. शहरातील शिकवणीवर्गांचे वेळापत्रक शहरातील मुलांसाठी असते. ते जसेच्या तसे भिंतीवर चिकटवून ऑक्टोबरमध्ये रडत बसण्यात अर्थ नाही.

ते दोन तास कोठून काढायचे? रात्रीचे नकोत. दिवसभर खिडकीवर बसून आलेल्या माणसाचे रात्री दहानंतरचे वाचन म्हणजे बहुधा पुस्तकावर डोके टेकविणे. पहाटे पाच ते सात हा काळ घरात आणि गावात शांततेचा. प्रवासाचा वेळ वेगळा धरावा. मनमाड-परभणी हा लोहमार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिल्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी तिष्ठत उभी राहणे हा या पट्ट्यातील प्रवाशांचा जन्माचा अनुभव आहे. त्या अर्ध्या तासाला शिव्या घालण्याऐवजी त्यात एक इंग्रजी उतारा वाचून होतो. मात्र गणित आणि तर्क गाडीत करू नयेत. शिवाय २००९ पासून कॅट संगणकावर घेतली जाते. सरावाची पूर्ण परीक्षा भ्रमणध्वनीच्या बोटभर पडद्यावर देऊन भागत नाही. दर रविवारी सकाळी संगणकासमोर दोन तास अखंड बसावे आणि त्याहून अधिक वेळ, दुपारी, चुका तपासण्यात घालवावा. चुकांची स्वतंत्र वही हवी. आकडेमोड चुकली, प्रश्न वाचण्यात चूक झाली, की मुळात तो प्रश्न सोडवायलाच नको होता? या तिसऱ्या रकान्यातील नोंदी जसजशा कमी होतात, तसतसे गुण वाढतात.

गणिताची भीती ग्रामीण मुलाने बाळगण्याचे कारण नाही. बहुतांश भाग दहावीपर्यंतच्या गणिताचा : शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा, थोडे बीजगणित व भूमिती. ‘शेकडा तीन’ दराने पैसे उचलणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला ते दरमहा असते, म्हणजे वर्षाचे सरळव्याज ३६ टक्के आणि चक्रवाढीने ४२ टक्क्यांहून अधिक होते, हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याची झळ त्याने पाहिलेली असते. तर्काच्या भागाचेही तसेच. या जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी येते. पाळी कोणाची, किती तास, रात्रीची कोणाला चालत नाही, एकाचे झाल्याशिवाय दुसऱ्याचे दार उघडता येत नाही, आणि मध्येच एकाने पाळी बदलून घेतली तर पुढच्या सर्वांचे काय होते, हे ज्याने पाटावर उभे राहून सोडविले आहे त्याने कॅटमधील वेळापत्रकाचे कोडे वेगळ्या रूपात सोडविलेलेच आहे. फरक इतकाच की, तेथे भांडायला कोणी नसते.

खरी अडचण इंग्रजीची, आणि ती झाकून ठेवण्यात हित नाही. वाचनाचे उतारे अर्थशास्त्र, इतिहास, पर्यावरण, तत्त्वज्ञान अशा कोणत्याही विषयावरचे असतात, आणि प्रश्न शब्दांच्या अर्थांवर नसून लेखकाच्या युक्तिवादावर असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला शब्दकोश पाठ करायला लावणारे मार्गदर्शक त्याचा घात करतात. त्याला मराठीत युक्तिवाद ओळखता येतो, तीच शक्ती इंग्रजीत न्यायची असते. एक उपाय सुचविण्याजोगा आहे. इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हा महाभारतातील व्यक्तींवरील ग्रंथ १९६७ चा. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९६९ मध्ये त्यांनी तो स्वतः इंग्रजीत आणला. आधी मराठी प्रकरण वाचावे, नंतर तेच इंग्रजीत. कथा परिचित, लेखिका एकच. अशा स्थितीत इंग्रजी वाक्याची वळणे अंगावर येत नाहीत. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य होतील असे नाही, आणि तेही उपयोगाचेच. न पटणारा युक्तिवाद नीट समजून घेणे हीच तर या भागाची कसोटी असते. त्यानंतर रोज एक इंग्रजी अग्रलेख पुरे.

राज्याची एमबीए सीईटी ही वेगळ्या स्वभावाची परीक्षा. २०२५ मध्ये तिच्यात २०० प्रश्न आणि १५० मिनिटे होती, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीला वजाबाकी नाही. कॅटमध्ये जो संयम लागतो तो येथे आडवा येतो. येथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. मुंबईची १९६५ साली स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था किंवा पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांच्या वाटेवर ही परीक्षा उभी आहे, आणि कॅटची तयारी झालेल्याला दीड-दोन महिन्यांत तिचा वेग साधता येतो. पण तिची तारीख बँकवाल्यांच्या जिवावर उठलेली : २०२४ मध्ये ९ ते ११ मार्च, २०२५ मध्ये १ ते ३ एप्रिल. मार्चअखेरीस शाखेत रजा मागणाऱ्याकडे व्यवस्थापक कसा पाहतो, ते येथे अनेकांना ठाऊक आहे. ही रजा जानेवारीतच लेखी मागून ठेवावी. शासकीय नोकरीत असलेल्यांनी विभागाची पूर्वपरवानगीही तेव्हाच घ्यावी.

आता भगिनींविषयी. घरात मुलगा अभ्यास करतो म्हटल्यावर दूरदर्शन बंद होतो, पाहुण्यांना ओसरीवर बसविले जाते, आई पहाटे उठून चहा ठेवते. तोच अभ्यास आरोग्य केंद्रात किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्या सुनेने करायचा म्हटला तर पहाटेचे पाच ते सात तिच्या वाट्याला येतच नाहीत. त्या दोन तासांत पाणी भरणे, डबे आणि मुलांची शाळा असते. तिची बुद्धी उणी नाही, आकांक्षाही उणी नाही. तिच्याकडून काढून घेण्याइतके तास घरात इतर कोणाकडे नाहीत असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. कुटुंबसंस्थेचे गुणगान आपण व्यासपीठावरून पुष्कळ करतो. ते गुणगान खरे असेल तर पतीने आठ महिने डबे भरावेत आणि सासऱ्यांनी नातवाला शाळेत सोडावे. यात मोठेपणा काही नाही. आठ महिन्यांचा प्रश्न आहे, आणि पगार तर दोघांचाही त्याच घरात येतो.

जे तरुण सामाजिक कामात आहेत त्यांच्यासाठीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गणेश मंडळाचा हिशेब, रक्तदान शिबिर, गावातील प्रत्येक लग्नाची धावपळ एकाच चार-पाच जणांच्या गळ्यात असते, आणि नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नसते. अशा कार्यकर्त्याने आपले दायित्व एप्रिलमध्येच रीतसर दुसऱ्याकडे सोपवावे. सोबत्यांनीही ते स्वीकारावे, आणि त्याला ‘आता मोठा झाला’ असे टोमणे मारू नयेत. काम थांबत नाही. उलट या निमित्ताने दुसरा कोणी तयार होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही तपासले पाहिजे. व्यवस्थापनाची पदवी देणारी प्रत्येक संस्था त्या पदवीच्या योग्यतेची नसते. अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता येथील दोन वर्षांचे शुल्क २० लाखांहून अधिक आहे, तरी तेथे कर्ज काढण्यात अर्थ आहे. परंतु परीक्षेत जेमतेम गुण मिळाले म्हणून भरमसाट शुल्काच्या, नोकरीची हमी तोंडी देणाऱ्या महाविद्यालयात शेत गहाण ठेवून जाणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्जाची सोय आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, योजनेच्या मर्यादांत, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याजसवलतही मिळते. संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी पाहावे.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील पदवीधर नोकरीत असताना सरळ सर्वसाधारण एमबीएचा विचार करतात, याचे आश्चर्य वाटते. अहमदाबाद आणि लखनौ येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांत अन्न व कृषी व्यवसायाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. हैदराबादची ‘मॅनेज’ आणि पुण्याची वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था याही कृषिव्यवसाय व्यवस्थापन शिकवितात व कॅटचे गुण ग्राह्य धरतात. सोयाबीनचा भाव का पडतो हे ज्याने आपल्याच ओट्यावर पाहिले, त्याच्याजवळ मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ असते.

प्रयत्न किती करावेत? दोन. पहिल्या वर्षी परीक्षा समजते, दुसऱ्या वर्षी ती देता येते. दुसऱ्यानंतरही गुण फारसे हलले नाहीत तर थांबावे आणि नोकरीतल्या बढतीच्या परीक्षांकडे किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे वळावे. हे दोन वर्षांचे बंधन पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगून ठेवावे. लग्न लांबणीवर टाकायचे असेल तर किती, हे वधूपक्षालाही मग नेमके सांगता येते.

शेवटी एक किरकोळ वाटणारी बाब. दरवर्षी काही उमेदवार गुण मिळवूनही कागदावर अडतात. भारतीय व्यवस्थापन संस्था केंद्राच्या कायद्याखाली येतात. तेथे इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचे एसईबीसी प्रमाणपत्र तेथे चालत नाही. उन्नत गटात नसल्याचा दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणजे १ एप्रिलनंतरचा. कॅटची जाहिरात जुलैच्या अखेरीस येते व ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज भरले जातात. जून-जुलैत तहसीलच्या सेतू केंद्रावर महाविद्यालयीन प्रवेशांची रांग लागलेली असते. तेव्हा उत्पन्नाचा दाखला, जुने जात प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच परभणी गाठावे, आणि अर्ज देताना ‘केंद्र सरकारचा नमुना’ असे स्पष्ट सांगून पोच घ्यावी.